आयत्या वेळचे विषय

दिवाळीला नात घरी आली होती. ती पुण्याला वकिलीचं शिकते. आमच्याकडे दिवाळी म्हणजे ऊसतोडीचे दिवस जवळ आलेले. टोळी कधी येणार, पहिली तोड कुणाच्या शेतात, हीच घरात चर्चा. मी ओसरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा निवडत होतो आणि ती खांबाला टेकून मोठ्यानं वाचत होती. परीक्षा जवळ आली की मोठ्यानं वाचायची तिची लहानपणापासूनची सवय. इंग्रजीतलं ते वाचन माझ्या कानावरून नुसतं जात होतं. मध्येच ‘शुगरकेन’ हा शब्द आला आणि माझा हात थांबला.

“काय गं, कायद्याच्या पुस्तकात ऊस कुठून आला?”

“आजोबा, हा बिहारचा खटला आहे. उसाचा एक वटहुकूम होता. तो जवळजवळ चौदा वर्षं चालला.”

“मग? कायदे तर शंभर शंभर वर्षं चालतात.”

“कायदे चालतात. वटहुकूम नाही चालत. आणि हे हुडकून काढलं ते आपल्या पुण्याच्या एका प्राध्यापकांनी.”

मी शेंगांचं सूप बाजूला सारलं. ती सांगत गेली, मी विचारत गेलो. दिवा लावायची वेळ झाली तरी आम्ही दोघं तिथंच. त्या रात्री मला लवकर झोप आली नाही. बिहारच्या सरकारची काळजी मला नव्हती. पण तिनं जे सांगितलं तेच मी स्वतः लहान प्रमाणात केलं होतं, आणि त्याची किंमत माझ्याच भावकीतल्या एका बाईनं मोजली होती. ते आज इथं सांगायचं आहे. आधी बिहारचं सांगतो, मग माझं.

कायदा कसा होतो हे आपण शाळेत शिकलो, पण विसरलो. विधेयक आधी सभागृहात मांडतात. मग त्याच्या मूळ हेतूवर चर्चा होते. मग एकेक कलम घेऊन बोलायचं, दुरुस्त्या सुचवायच्या. शंका फार असल्या तर विधेयक समितीकडे जातं, तिथं त्याची आणखी छाननी होते. शेवटी मतं घेतात. आपल्या महाराष्ट्रासारखी दोन सभागृहं असली तर दुसऱ्या सभागृहातही तेच. मग राज्यपालांची सही. हे सगळं वेळखाऊ आहे खरं. आमच्या गावात कुणीही म्हणेल, “एवढी वाचनं कशाला? एकदा वाचा नि मोकळे व्हा.”

पण कधी कधी अधिवेशन चालू नसतं आणि घाई खरीच असते. त्यासाठी घटनेत २१३ वं कलम आहे. अधिवेशन नसताना तातडीची गरज पडली तर राज्यपाल वटहुकूम काढू शकतात आणि तो कायद्यासारखाच लागू होतो. मात्र विधिमंडळ पुन्हा भरलं की तो तिथं मांडायचा. आमदारांनी त्याचा कायदा केला तर ठीक, नाही केला तर अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत तो आपोआप संपतो. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही, असंही घटनेत आहे. म्हणजे वटहुकूम फार तर साडेसात महिने जगणार. घटना लिहिणाऱ्यांना घाईची गरज कळत होती. म्हणून त्यांनी घाईला वाट दिली, पण त्या वाटेला शेवटही ठेवला.

बिहारमध्ये काय झालं? १९६८ च्या जानेवारीत तिथं उसाचा पुरवठा आणि खरेदी यांचं नियंत्रण करणारा वटहुकूम निघाला. अधिवेशन भरलं, संपलं, वटहुकुमाची मुदत सरली. सरकारनं त्याचा कायदा केला नाही. तोच वटहुकूम पुन्हा काढला. पुन्हा अधिवेशन, पुन्हा मुदत संपली, पुन्हा तोच वटहुकूम. असं करत करत १९८१ साल संपत आलं. आपण ऊसवाले आहोत म्हणून आपल्या हिशेबानं सांगतो. लावणीचा ऊस, मग खोडवा, मग निडवा, मग रान मोडून दुसरं पीक, पुन्हा लावण, असे कितीतरी फेरे या काळात होतात. तेवढ्या काळात पोरगं शाळेत जाऊन मॅट्रिक होऊन बाहेर पडतं. आणि एवढी वर्षं तिथल्या शेतकऱ्याचा ऊस कोणत्या नियमानं जायचा, ते ठरवणारा कागद विधिमंडळातून कायदा होऊन आलाच नव्हता. चंपारणच्या शेतकऱ्याचा आमदार पाटण्याला जात होता, भत्ता घेत होता, परत येत होता. उसाच्या एकेका कलमावर बोलायची पाळी त्याच्यावर आलीच नाही.

हा काही एकटाच वटहुकूम नव्हता. १९६७ ते १९८१ या काळात असे २५६ वटहुकूम बिहारमध्ये पुन्हा पुन्हा काढून जिवंत ठेवले गेले. काही वर्षभर, काही चार-पाच वर्षं, काही दहा वर्षांहून जास्त. या काळात तिथं किती मुख्यमंत्री आले नि गेले. पक्ष बदलले, मधूनमधून राष्ट्रपती राजवटही आली. खुर्चीवरची माणसं बदलली तरी ही रीत तशीच राहिली. म्हणून हा एका पक्षाचा दोष म्हणता येत नाही. सोय सगळ्यांनाच आवडते.

हे उजेडात आणलं डॉ. डी. सी. वाधवा यांनी. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले ते संशोधक. हीच ती संस्था, जिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ होते. धनंजयराव म्हणजे प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष. त्यामुळे ऊसवाल्या माणसाला ही संस्था परकी वाटायचं कारण नाही. वाधवा बिहारच्या जमिनीच्या कायद्यांचा अभ्यास करत होते. अभ्यास करताना त्यांना दिसलं की कायदा म्हणून जे चाललं आहे त्यातलं पुष्कळसं कायदा नाहीच, वर्षानुवर्षं ओढत आणलेले वटहुकूम आहेत. दुसरा कुणी असता तर तळटीप लिहून पुढं गेला असता. यांनी एकेक वटहुकूम मोजला, कोणता कितीदा निघाला नि किती जगला याचा हिशेब मांडला आणि १९८३ साली त्याचं पुस्तक केलं. मग सुप्रीम कोर्टात अर्ज केला. त्यांच्याबरोबर बिहारमधले आणखी काही जण होते. त्यांत एक शेतजमीन कसणारा रयत होता आणि एक विद्यार्थी होता.

कोर्टात सरकारकडून पहिला आक्षेप असा की या पुण्याच्या माणसाचा बिहारच्या वटहुकुमांशी काय संबंध? त्यांचं काय नुकसान झालं? कोर्टानं तो आक्षेप मानला नाही. घटनेप्रमाणे केलेल्या कायद्यानंच आपल्यावर राज्य व्हावं, असा आग्रह धरायचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे, असं कोर्टानं म्हटलं. नातीनं हे वाक्य मला दोनदा समजावून सांगितलं. मला ते फार मोलाचं वाटलं. आपल्या बांधाला लागलं तरच बोलायचं, नाही तर गप्प बसायचं, अशी आपली रीत. कोर्ट म्हणतं, बांध कुणाचाही असो, रीत मोडली तर बोलायचा हक्क आहे.

निकाल लागला २० डिसेंबर १९८६ रोजी. सरन्यायाधीश भगवती आणि आणखी चार न्यायमूर्ती. असे तेच ते वटहुकूम नेमानं काढत राहणं म्हणजे घटनेची फसवणूक आहे, असा त्यांचा निर्वाळा होता. कायदा करायचं काम लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाचं. राज्यपालांना दिलेला अधिकार अवघड वेळेसाठी, सभागृहाला बाजूला सारून राज्य चालवायला नव्हे. त्या वेळी चालू असलेला इंटरमीजिएट शिक्षणाबाबतचा वटहुकूम कोर्टानं रद्द ठरवला. वाधवांनी घेतलेल्या कष्टांबद्दल त्यांना दहा हजार रुपये खर्च द्यावा, असंही बिहार सरकारला सांगितलं.

त्या खटल्यात एक परिपत्रक पुढं आलं होतं. १९८१ च्या जुलैमधलं. अधिवेशन संपत आहे, तरी आपापल्या खात्याचे वटहुकूम पुन्हा काढायची तयारी ठेवा, असं सगळ्या खात्यांना कळवलेलं. आणि त्यात अशी एक गोष्ट होती की जुना वटहुकूम काही फेरफार न करता जसाच्या तसा काढायचा असेल तर मंत्रिमंडळाच्या मंजुरीचीही गरज नाही. म्हणजे आमदारांनी तर वाचायचा नाहीच, मंत्र्यांनीही वाचायचा नाही!

नातीनं हे वाचलं आणि हसली. मला हसू आलं नाही. कारण हेच शब्द मी आमच्या गोठ्याच्या दारात ऐकले होते.

आता माझं सांगतो.

साल १९८७. म्हणजे दिल्लीत तो निकाल लागून चार महिने झाले होते. मला अर्थातच त्याचा पत्ता नव्हता. मी अठ्ठावीस वर्षांचा, आमच्या पाणी सोसायटीच्या कमिटीत नुकताच निवडून आलेला. नदीवर जॅकवेल, तिथून पाईपलाईन चढावरच्या हौदात, हौदातून दोन लाईनी, वरची आणि खालची. पोटनियमात पाळीचा नियम लिहिलेला होता: एक पाळी डोक्याकडून सुरू करायची, पुढची शेपटाकडून. म्हणजे लाईनीच्या शेवटी असणाऱ्यालाही एका पाळीला पहिलं पाणी मिळे. हा नियम बदलायचा तर सर्वसाधारण सभेपुढं न्यायचा, आणि सभेची नोटीस आधी चावडीवर लावायची.

त्या वर्षी पावसानं ओढ दिली होती. एप्रिलात नदीची धार बारीक झाली, विजेचा लपंडाव चालू. घाई खरीच होती, हे मी आजही म्हणतो. एका संध्याकाळी मी गोठ्यात धार काढत होतो. सोसायटीचे सेक्रेटरी सायकलवरून आले. काखेत प्रोसिडिंग बुक.

“दादा, तेवढी सही करा. चेअरमनसाहेबांनी सांगितलंय. पाऊस पडंपर्यंत पाळी डोक्याकडूनच सुरू करायची. वरचं पीक तरी वाचंल.”

“मीटिंग कधी झाली?”

“आजच झाली असं लिहिलंय. सगळ्यांच्या सह्या झाल्यात. ‘आयत्या वेळचे विषय’मध्ये घातलंय. तुमची एकट्याची राहिलीय.”

माझं रान वरच्या अंगाला. डोक्याकडून पाळी सुरू झाली तर माझा ऊस जगणार होता. ते माझ्या मनात आलं नाही असं मी म्हटलं तर खोटं होईल. हात धोतराला पुसला आणि कंदिलाच्या उजेडात सही केली. ठराव वाचलादेखील नाही.

पाऊस पडेपर्यंत म्हणून केलेला तो ठराव. जूनमध्ये पाऊस पडला. पण पुढच्या एप्रिलात सेक्रेटरी पुन्हा आले. “दादा, मागल्या वर्षीचाच ठराव हाय. शब्दसुद्धा बदललेला नाही, वाचायची गरज नाही.” मी सही केली. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा आले, पुन्हा सही. बिहारच्या त्या परिपत्रकात आणि आमच्या सेक्रेटरींच्या बोलण्यात काय फरक होता, तुम्हीच सांगा. तिथं पाटणा, इथं आमचा गोठा, एवढाच.

खालच्या लाईनीच्या शेवटाला माझ्या चुलत वहिनीचं दीड एकर रान. चुलतभाऊ दोन वर्षांपूर्वी वारलेला. पदरी दोन लहान पोरं. पहिल्या वर्षी तिचा ऊस अर्धाही भरला नाही. कारखान्याच्या बिलातून सोसायटीचं कर्ज वळतं झालं आणि हातात काही उरलं नाही. दुसऱ्या वर्षी तसंच. त्या वर्षी तिनं दुभती म्हैस विकली. म्हैस बाजारात मीच नेली होती. व्यापाऱ्याशी घासाघीस करून दोन पैसे जास्त मिळवून दिले आणि भावाच्या माघारी वहिनीला मदत केली म्हणून मनात समाधान मानलं. त्या समाधानाची आज लाज वाटते.

तिसऱ्या वर्षी मे महिन्यात ती आमच्या घरी आली. उंबऱ्याच्या आत आली नाही. पदर सावरून ओसरीच्या कडेला उभी राहिली.

“भावजी, एक इचारायचं हाय. पाळी बदलायची सभा कवा झाली? मी दर सभंला येते. मागं बसते, पर येते.”

मी म्हणालो, “कमिटीत ठराव झाला, वहिनी.”

“कमिटीची तरी सभा झाली का?”

मी गप्प. माझी आई आत चुलीपाशी होती. तिनंही भाकरी थापायची थांबवली असावी, कारण घरात काही आवाज येईना.

वहिनी भांडली नाही. ती म्हणाली, “सभा झाली आसती आन् मला कुणी इचारलं आसतं, तर मी सांगितलं आसतं. वढ्याच्या चेंबरातला व्हॉल्व गळतोय. दोन वरसं गळतोय. पाणी समदं वढ्याला जातंय. मी पाटकऱ्याला सांगितलं, त्यो म्हणला कमिटीला सांगा. कमिटी कुठं बसती, त्येच मला म्हाईत न्हाई.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याबरोबर ओढ्यावर गेलो. मे महिना, सगळं शिवार करपलेलं, आणि चेंबरच्या खाली हिरवीगार हरळी, त्यात बेडकं. पाऊल टाकलं तर घोट्यापर्यंत चिखल. खालच्या लाईनीचं कितीतरी पाणी तिथंच जिरत होतं. वरचे सगळे व्हॉल्व आधी उघडले की उरलेलं पाणी शेवटापर्यंत जायचंच नाही. मिस्त्रीनं येऊन पॅकिंग बदललं. दोन तासांचं काम. त्याच पाळीला वहिनीच्या सरीत पाणी पोहोचलं, आणि वरच्यांचंही काही कमी झालं नाही.

मंडळी, मला जे कळलं ते तिथं, त्या चिखलात उभं राहून कळलं. आम्ही समजत होतो की पाणी कमी आहे, म्हणून कुणाचं तरी पीक बुडणारच, मग बोलण्यात वेळ कशाला घालवायचा. खरी गोष्ट वेगळी होती. व्हॉल्व गळतोय हे कमिटीतल्या अकरा जणांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं, कारण अकराही जणांची रानं वरच्या अंगाला किंवा मधोमध होती. ते ठाऊक होतं शेवटाला राहणाऱ्या एका बाईला. नोटीस लागली असती, सभा झाली असती, ठराव मोठ्यानं वाचला असता, तर ती मागच्या रांगेतून उठून हे सांगणार होती. नोटिशीतले दिवस, वाचन, चर्चा हा सगळा रिकामा वेळ आहे असं आपल्याला वाटतं. शेवटाच्या माणसाची माहिती आत येते ती त्याच वेळात. ती वाट बुजवली की निर्णय लवकर होतो, पण आंधळा होतो.

पेरणीला आपण घाई करतो का? पाऊस पडला तरी वाफसा येईपर्यंत थांबतो. चिखलात पाभर घातली तर बी कुजतं. तो थांबलेला दिवस वाया गेला असं कुणी शेतकरी म्हणत नाही. कायद्यालाही वाफसा लागतो. विधेयक मांडल्यावर ते चार लोकांनी वाचायचं, ज्यांच्यावर लागू होणार त्यांच्यापर्यंत बातमी जायची, त्यांनी आपल्या आमदाराला गाठायचं, आमदारानं सभागृहात बोलायचं. हा काळ म्हणजे वाफसा.

कुणी म्हणेल, गावची सोसायटी आणि राज्याचं विधिमंडळ यांची बरोबरी कशी? बरोबरी नाही, पण मोह तोच आहे. ज्याच्या हातात शिक्का असतो त्याला वाटतं, आपलं म्हणणं चांगलंच आहे, मग विचारायचं कशाला. आमचे चेअरमन काही वाईट माणूस नव्हते. त्यांना वरचं पीक वाचवायचं होतं. बिहारचे ते वटहुकूमही सगळेच वाईट होते असं कुणी म्हटलेलं नाही. प्रश्न हेतूचा नाही. विचारणारा कुणी नसला की चांगल्या हेतूचाही व्हॉल्व गळतो आणि गळतोय हे कळत नाही.

त्या निकालानं सगळं संपलं असंही नाही. एका सत्रात काम फार असलं, वेळ पुरला नाही, तर वटहुकूम पुन्हा काढला म्हणून तेवढ्यावरून दोष देता येणार नाही, अशी थोडी फट निकालात राहिली होती. आणि बिहारमध्येच १९८९ च्या डिसेंबरात ४२९ खाजगी संस्कृत शाळा सरकारकडे घेण्याचा वटहुकूम निघाला. तो संपला की दुसरा, मग तिसरा, असं १९९२ पर्यंत चाललं. कायदा काही झाला नाही आणि शेवटचा वटहुकूम संपून गेला. त्या शाळांतले शिक्षक म्हणाले, आम्ही सरकारी नोकर झालो होतो, आमचा पगार द्या. ते भांडण कोर्टात पंचवीस वर्षं चाललं. २ जानेवारी २०१७ रोजी सात न्यायमूर्तींनी निकाल दिला. वटहुकूम सभागृहापुढं मांडणं बंधनकारक आहे, ते टाळून तोच तो काढत राहणं ही घटनेची फसवणूक आहे आणि अशा वटहुकुमांतून कायमचा हक्क मिळत नाही. आधी हातात पडलेले पगार परत घेऊ नयेत, एवढा दिलासा त्या शिक्षकांना मिळाला. विचार करा, फसवणूक झाली ती घटनेची, पण उतारवयात रिकाम्या हातानं घरी बसले ते शाळामास्तर. आडवाटेनं दिलेली भाकरीसुद्धा पोटात टिकत नाही ती अशी.

आपल्या शेतकऱ्यांच्या बाबतीत २०२० साली दिल्लीत जे झालं ते तुम्हाला आठवत असेल. तो संसदेचा मामला, राज्याचा नव्हे, पण जात तीच. जूनमध्ये शेतीविषयक तीन वटहुकूम निघाले. सप्टेंबरमध्ये विधेयकं आली. ती समितीकडे पाठवा, मतं मोजून घ्या, अशी विरोधकांची मागणी होती. राज्यसभेत २० सप्टेंबरला गोंधळात आवाजी मतदानानं दोन विधेयकं मंजूर झाली. मग दिल्लीच्या वेशीवर शेतकरी वर्षभर बसले. २९ नोव्हेंबर २०२१ रोजी ते कायदे रद्द करणारं विधेयक आलं, तेही एका दिवसात, दोन्ही सभागृहांत, चर्चेविना. कायदे चांगले होते की वाईट, यावर आपल्या गावातही दोन मतं आहेत आणि ती राहू द्या. पण जे बोलणं सभागृहात व्हायचं ते झालं नाही म्हणून रस्त्यावर झालं, थंडीवाऱ्यात झालं. करताना पुरेशी चर्चा नाही आणि मोडताना तर चर्चाच नाही. मग आपल्याला कळायचं कसं, की त्यात नेमकं काय चुकलं होतं?

आमच्या सोसायटीचं पुढं काय झालं, तेही सांगतो. त्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत मी उभा राहिलो. पाय कापत होते. म्हणालो, “पाळीच्या तिन्ही ठरावांवर माझी सही आहे आणि त्यांतली एकही सभा झालेली नव्हती.” थोडा गलका झाला. चेअरमन माझ्याकडे न बघता कागद चाळत राहिले. शेवटी असं ठरलं की अडचणीच्या वेळी कमिटीनं पाळीत बदल करावा, पण तो एकाच पाळीपुरता. पुढच्या पाळीला तो ठेवायचा तर सभासदांपुढं आणायचा आणि ठराव मोठ्यानं वाचायचा. नातीनं २१३ वं कलम सांगितलं तेव्हा मला कळलं की आम्ही आमच्या अडाणीपणात घटनेतलंच शहाणपण पुन्हा शोधून काढलं होतं. घाईला वाट द्यायची, पण तिला शेवट ठेवायचा.

म्हणून वाचकहो, माझं मागणं लहानच आहे. ग्रामसभेची नोटीस लागली की ती वाचा. कोरम नाही म्हणून सभा तहकूब झाली तर हसू नका, ते नुकसान आपलं आहे. रजिस्टर सही करायला घरी आलं तर विचारा, सभा कुठं झाली, कोण होतं, ठराव वाचून दाखवा. ‘आयत्या वेळचे विषय’ आले की कान टवकारा. आणि अधिवेशन संपून आमदार गावात आले, लग्नाला आले, दहाव्याला आले, तर रस्त्याचं, पुलाचं विचारा, पण एक प्रश्न आणखी विचारा: या अधिवेशनात किती विधेयकं आली, कितींवर चर्चा झाली आणि तुम्ही स्वतः किती वाचली? असं विचारणारी दहा माणसं मतदारसंघात भेटली तर अकराव्या गावात येताना ते वाचून येतील.

वहिनी आता थकली आहे. पोरं मिळवती झाली, पुन्हा म्हैस दावणीला आली. दिवाळीच्या पाडव्याला नात तिच्या पाया पडायला गेली तेव्हा मीही बरोबर होतो. नातीनं तिला बिहारची सगळी हकिगत सांगितली. वहिनीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “त्या पुन्याच्या मास्तरला कोणी इचारलं न्हाई का, तुजं काय गेलं म्हनून?”

“विचारलं ना, आजी.”

“मग?”

“कोर्ट म्हणालं, विचारायचा हक्क सगळ्यांना आहे.”

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. काही बोलली नाही. आत जाऊन फराळाचं ताट घेऊन आली.